छापखान्यातल्या अकरा बाटल्या

माझ्या बहिणीची मुलगी पीएच.डी. करायला नागपूरहून बनारसला आली, तेव्हा बहिणीनं फोनवर एवढंच सांगितलं होतं, "दादा, रविवारी तिला घरचं जेवायला घाल. बाकी ती बघेल." म्हणून दर रविवारी ती विद्यापीठाच्या वसतिगृहातून आमच्या रामघाटच्या घरी यायची, वरण-भात आणि बटाट्याची भाजी जेवायची, मामीशी तासभर गप्पा मारायची आणि परत जायची. ती नेमकं काय शिकते हे मी कधी खोलात विचारलं नव्हतं. शरीराच्या आत होणाऱ्या कसल्याशा झिजेबद्दल आहे, इतकंच माहीत होतं.

त्या रविवारी ती पानावर बसली, पण जेवेना. भात या कडेचा त्या कडेला करत राहिली. बायकोनं विचारलं, "काय गं, गाइड ओरडले का?"

"नाही मामी. लघवी मिळत नाहीये."

बायकोच्या हातातला डाव वरणाच्या पातेल्यातच राहिला. मी घाईघाईनं पाणी प्यायलो.

"म्हणजे दुसऱ्यांची," भाची म्हणाली. "छापखान्यात काम करणाऱ्यांची. त्यांचे नमुने तपासायचेत मला. परवानगी आलीय, प्रयोगशाळेतलं यंत्र तयार आहे, सगळं आहे. तीन छापखान्यांत जाऊन आले. एका ठिकाणी लोक हसत सुटले. दुसऱ्या ठिकाणी मालकानं हात जोडून दार दाखवलं. तिसऱ्या ठिकाणी म्हणाले, आधी घरातल्या मोठ्या माणसाला घेऊन ये, मग बोलू."

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "मामा, तुमच्या प्रेसमध्ये किती माणसं आहेत?"

"अकरा," मी म्हणालो. आणि म्हणून झाल्यावर लक्षात आलं की त्या अकरांत मीही आहे.

आमच्या घरात आजोबांपर्यंत सगळे वेद शिकवणारे. वडील शाळेत संस्कृतचे मास्तर. मला मात्र लहानपणापासून यंत्रांची ओढ, त्यामुळे बाविसाव्या वर्षी मी एका छापखान्यात शिरलो आणि आता त्रेपन्नाव्या वर्षीही छापखान्यातच आहे. यातली शेवटची अठरा वर्षं याच प्रेसमध्ये, संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत, चार रंगांच्या ऑफसेट यंत्रावर. लग्नपत्रिका, पंचांगं, मिठाईच्या डब्यांची वेष्टनं, सगळं छापतो. काम मला मनापासून आवडतं. चारही रंग एकमेकांवर केसभरही न सरकता बसले की जेवण झाल्यासारखं वाटतं.

रंग बदलायचा म्हणजे रोलर धुवायचे. तो आमच्या कामातला घाण भाग. पेट्रोल, रॉकेल आणि थिनर एकत्र करून ठेवलेलं असे, त्यात चिंधी बुडवायची आणि रोलर चालू ठेवून पुसत जायचं. दिवसातून सहा-सात वेळा. हातांना लागलेली शाईही त्यानंच धुवायची. वाफेनं डोकं जड झालं की उंबऱ्याबाहेर यायचं आणि सिगारेट पेटवायची. आत ओढायला बंदी होती, भडका उडेल म्हणून. बाहेर आल्यावर ओले हात पँटला पुसून त्याच बोटांनी सिगारेट ओठांत धरायचो. आम्हाला ही मोकळी हवा वाटायची.

जेवण झाल्यावर भाचीनं फॉर्म काढला. वय, किती वर्षं काम, दिवसाला किती वेळा धुलाई. मग विचारलं, "सिगारेटी किती, मामा?"

"पाच-सहा."

"चौदा!" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"तुला गं काय माहीत?"

"तुमच्या खिशातली पाकिटं कोण फेकतं? रोज दहांचं एक संपलेलं असतं आणि दुसऱ्यातल्या चार गेलेल्या असतात. लिही गं तू. चौदा लिही."

भाचीनं मान खाली घालून चौदा लिहिलं. तिचे खांदे हलत होते.

दुसऱ्या दिवशी मी मालकांशी बोललो. मालक माझ्यापेक्षा लहान, स्वभावानं बरे, पण कागदावर सही म्हटलं की घाबरणारे. प्रेसचं नाव कुठेही येणार नाही असं भाचीनं लिहून दिलं, तेव्हा म्हणाले, "माझी हरकत नाही. पण माणसांना तुम्हीच तयार करा. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, मालक काहीतरी काढतोय."

माणसांना तयार करायचं म्हणजे एकाच माणसाला तयार करायचं. आमचे उस्ताद. वय साठीच्या पुढचं, अंगानं सडपातळ, मिशा पांढऱ्या, बोटांत कायम विडी. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्याच्या काळापासूनचे ते. खिळे गेले, संगणक आले, तरी छापण्याआधीचं शेवटचं प्रूफ उस्तादांच्या नजरेखालून गेल्याशिवाय आमच्याकडे यंत्र सुरू होत नाही. प्रेसमध्ये आम्ही सगळे बनारसी हिंदीत बोलतो. इथे ते मराठीत लिहितोय, त्यात निम्मी गंमत जाणार, पण इलाज नाही.

भाची आली ती दुपारच्या सुट्टीत. सगळे डबे उघडून बसले होते. तिनं बोलायला सुरुवात केली तसे उस्ताद म्हणाले, "बिटिया, माझ्या मुतात काय ठेवलंय? सोनं निघणार आहे का?"

सगळे हसले. मला वाटलं, आता ही रडणार. पण तिनं भिंतीला टेकवलेलं एक प्रूफ उचललं, लाल पेनानं केलेल्या खुणांचं.

"हे कुणी तपासलं?"

"मीच."

"उस्तादजी, आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत असाच एक मजकूर असतो. शरीर कसं चालवायचं त्याचा. फार लांब, लाखो पानं भरतील इतका. तुमच्या त्या पेट्रोल-थिनरची वाफ आणि विडीचा धूर आत गेला की प्राणवायूपासून फार तिखट, उतावळे कण तयार होतात. लोखंड गंजवणारा तोच प्राणवायू, पण हे कण त्याहून आक्रमक. ते या मजकुरातल्या अक्षरांवर आदळतात आणि अक्षर बिघडतं."

उस्तादांनी पोळीचा घास खाली ठेवला. "मग तिथे प्रूफ कोण तपासतं?"

"शरीरच तपासतं. बिघडलेलं अक्षर कापून काढतं आणि चांगलं बसवतं. कापलेलं अक्षर लघवीतून बाहेर जातं. मी ती कापलेली अक्षरं मोजते."

"म्हणजे दुरुस्त्या जितक्या जास्त, तितका मजकूर जास्त नासतोय."

"हो. आणि शरीराचा नेहमीचा श्वासोच्छ्वास चालू असतो त्यानंसुद्धा थोडी अक्षरं बिघडतातच, सगळ्यांची. धूर आणि वाफ त्यात भर घालतात."

"आणि प्रूफात जी चूक सुटते ती?"

"ती छापली जाते. त्या पेशीपासून होणाऱ्या पुढच्या पेशींत जाते. बहुतेक वेळा काही होत नाही. पण नेमक्या जागी अशा चुका साठत गेल्या तर पेशी वाढायची थांबतच नाही. त्यालाच कॅन्सर म्हणतात."

उस्ताद मिशीवरून बोट फिरवत होते. मग म्हणाले, "पण बिटिया, एक सांग. तू मोजणार पकडलेल्या चुका. माणसाला मारणार सुटलेल्या चुका. त्या तुझ्या बाटलीत कशा दिसणार?"

भाचीचा चेहरा उजळला. तसा मी कधी पाहिला नव्हता. "नाही दिसणार. म्हणूनच या बाटलीवरून कुणाला कॅन्सर होईल की नाही ते सांगता येत नाही. मारा किती चाललाय एवढंच कळतं. उस्तादजी, हा प्रश्न मला माझ्या गाइडनी पहिल्या वर्षी विचारला होता. उत्तर शोधायला मला दोन महिने लागले."

उस्तादांनी सगळ्यांकडे एकदा फिरवून पाहिलं. विद्यापीठातल्या प्रोफेसराला सुचलेला प्रश्न आपल्याला सुचला, हे प्रत्येकाच्या ध्यानात आलंय ना, याची खात्री करून घेतली. मग म्हणाले, "आण तुझी बाटली. मी पहिला."

नमुने शनिवारी घ्यायचे ठरले, आठवड्याचं काम अंगावर साचलेलं असताना, पाळी संपताना. आमची प्रेस शनिवारी चारला सुटते. शुक्रवारी भाचीनं रिकाम्या बाटल्या आणून ठेवल्या, त्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवून पेनानं नंबर घातलेले. उस्तादांनी एक बाटली ओल्या हातात धरली, अंगठा फिरवला. सातचा आकडा पुसला गेला.

"हे काय लेबल आहे? बर्फात ठेवणार ना या? उद्या माझी लघवी पंडितजींच्या नावावर जाईल."

पंडितजी म्हणजे मी. प्रेसमध्ये मला हेच म्हणतात.

त्या दुपारी आमच्या प्रेसनं कुणी न सांगता एक काम हातात घेतलं. मिठाईच्या बरण्यांसाठी आणलेला पाण्यानं न सुटणारा चिकट कागद होता, त्यातले उरलेले ताव काढले. उस्तादांनी अक्षर निवडलं, मी यंत्र लावलं. निळी चौकट, आत काळा नंबर, खाली तारखेची आणि वेळेची रेघ. तिला अकरा लेबलं लागत होती, आम्ही इतकी छापली की तिच्या सगळ्या छापखान्यांना आणि पुढच्या दोन विद्यार्थ्यांना पुरली असती. भाची आली आणि तो गठ्ठा हातात घेऊन नुसती बघत राहिली.

"मामा, आमच्या प्रयोगशाळेत इतकी सुंदर लेबलं कुणाकडेच नाहीत."

"असतील कशी?" उस्ताद म्हणाले. "त्यांना छापता येतं का?"

शनिवारी एका संडासासमोर अकरा माणसांची रांग. प्रत्येक जण बाटली घेऊन आत जायचा आणि बाहेर येताना बाकीचे टाळ्या वाजवायचे. कागद कापायच्या यंत्रावरचा आमचा एक सहकारी लाजाळू, त्याला काही केल्या होईना. तीन पेले पाणी पाजलं, बाहेर नळ सोडून ठेवला, शेवटी उस्तादांनी सगळ्यांना गल्लीत हाकललं तेव्हा कुठे त्याची बाटली भरली. तो बाहेर आला तेव्हा सगळ्यांत मोठा गजर त्याचाच झाला.

बर्फाच्या पेटीत बाटल्या बसल्या. आता त्या लवकर प्रयोगशाळेत पोचायला हव्यात. पण कार्तिकातली गर्दी, गल्ल्या तुडुंब, चौकात गाड्या बंद. मी म्हणालो, "नावेनं जाऊ. अस्सीला उतरू, तिथून रिक्षा." दोघं पेटी घेऊन घाट उतरलो. नाववाला ओळखीचा होता. त्यानं पेटीचं अर्धवट उघडं झाकण, आतल्या सीलबंद बाटल्यांच्या माना आणि निळ्या चौकटीची लेबलं पाहिली.

"गंगाजल पाठवताय का, पंडितजी?" म्हणत त्यानं आदरानं हात पुढे केला.

भाची मोठ्यानं म्हणाली, "नाही भैया! तपासायची लघवी आहे!"

त्यानं हात असा मागे घेतला की नाव डुलली. पेटी आम्ही पुढच्या टोकाला ठेवली आणि तो अस्सीपर्यंत मागच्या टोकाला बसून वल्हवत राहिला. भाचीला हसू आवरेना. ऊन कलत होतं, पाणी सोन्यासारखं झालं होतं, आणि ती पोटावर हात दाबून हसत होती. माझ्या मनात आलं, ही मुलगी त्या रविवारी तोंड पाडून बसली होती, आता रविवारी दुप्पट भात लागणार.

निकाल फाल्गुनात आला. तिनं आधी प्रेसमध्ये सगळ्यांना मिळून सांगितलं. ज्या मास्तर आणि कारकून मंडळींशी आमची तुलना केली होती, त्यांच्यापेक्षा छापखान्यातल्यांच्या लघवीत कापलेली अक्षरं जास्त होती. सगळ्यांत जास्त होती ती रोलरही धुणाऱ्या आणि धूरही ओढणाऱ्यांच्या. स्वतःचा आकडा हवा असेल त्यानं वेगळं विचारायचं, असं ठरलं होतं. मी विचारलं.

आम्ही दोघं रामघाटाच्या पायऱ्यांवर बसलो होतो. तिनं वही उघडली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मामा, तुमचा आकडा वरच्या दोघांत आहे."

मला आमच्या जुन्या प्रेसमधला माझ्या शेजारच्या यंत्रावरचा माणूस आठवला. पन्नाशीच्या आत रक्ताच्या कॅन्सरनं गेला. डॉक्टरांनी त्याला विडी-सिगारेटचं विचारलं होतं. हात कशानं धुतोस हे कुणी विचारलं नव्हतं, आणि आम्हालाही सांगायचं सुचलं नव्हतं. तो कशानं गेला हे आज कुणीच सांगू शकणार नाही. पण त्या दिवशी पायरीवर बसून मी माझ्या हातांचा वास घेतला.

"याचा अर्थ काय?" मी विचारलं.

"याचा अर्थ मारा जास्त आहे. आजार आहे असा अर्थ नाही. आणि मारा कमी करता येतो." तिनं वही मिटली. "मामा, करा ना कमी."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि हो म्हणालो. खिशात पाकीट होतं. त्यात सहा शिल्लक होत्या.

दुसऱ्या दिवशी प्रेसमध्ये शिरलो तर उस्ताद उंबऱ्यावर उभे. "बिटियानं मला माझा आकडा सांगितला," ते म्हणाले, जणू शाळेचा निकाल लागलाय. "पहिला आलो! पंडितजी, तुम्ही दुसरे ना?"

"वाटतंय तसं."

"मग आता दोघं मिळून नापास होऊ या."

सिगारेट सोडणं मी सोपं समजलो होतो. बायकोनं लवंगा, बडीशेप, खडीसाखर अशा तीन पुड्या दिल्या. पहिले तीन दिवस मी घरात सगळ्यांवर खेकसलो, म्हणजे तिच्यावरच, कारण मुलगा बंगळूरला असतो. चौथ्या दिवशी तिनं शांतपणे सांगितलं, "तुम्ही सोडा, मी ऐकून घेते. पण महिनाभरच." नवव्या दिवशी एका लग्नपत्रिकेचा लाल रंग सरकला, तावांचा गठ्ठा वाया गेला, आणि मी सरळ पानवाल्याकडे जाऊन एक पेटवली. अर्धी झाली असेल, तोच उस्ताद मागे उभे.

"एक ओढलीत," ते म्हणाले. "आता घरी जाऊन वहिनींना सांगा एक ओढली. पाकीट घेतलंत तर मी सांगेन."

मी घरी जाऊन सांगितलं. बायको म्हणाली, "बरं. उद्या दहावा दिवस." पहिल्यापासून मोजायला लावलं नाही. हे मी कधी विसरणार नाही.

मग भाचीनं मला इस्पितळातल्या तंबाखू सोडवणाऱ्या दवाखान्यात नेलं. तिथे चघळायच्या निकोटिनच्या गोळ्या दिल्या, त्यांचा खरा आधार झाला. तरी सर्वांत अवघड सकाळ. तीस वर्षं माझी पहिली सिगारेट घाटाच्या पायऱ्यांवर होत असे, एकट्याची. हाताला दुसरं काही करायचं ठाऊकच नव्हतं. एके सकाळी बायको पायात चपला घालून दारात उभी. "चला, मी पण येते."

"तू? तुला कधी आवडलं नाही सकाळी घाटावर यायला."

"घाट आवडायचा. धूर आवडायचा नाही."

लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि हे मला तेव्हा कळलं. त्या दिवसापासून आम्ही रोज शिंदे घाटापर्यंत चालत जातो. ती साताऱ्याची, शुद्ध बोलणारी. वाटेत मी "तबियत", "इंतजाम" असं काही बोललो की ती थांबून मराठी शब्द सांगते आणि मी म्हटल्याशिवाय पुढे चालत नाही. कोवळ्या उन्हात ती माझ्या चुका सुधारते आणि मी मुद्दाम आणखी करतो.

प्रेसमध्येही बदल झाले. निकाल ऐकून मालक आधी घाबरले, तपासणी येईल का म्हणाले. मग दोन दिवसांनी स्वतःच आले. "माझी खोली तुमच्या यंत्राच्या वरच आहे. संध्याकाळी माझंही डोकं दुखतं. मला वाटायचं हिशेबानं दुखतं." त्यांनी वनस्पती तेलापासून केलेलं धुलाईचं द्रावण मागवलं. ते हळू वाळतं, त्यामुळे आम्ही आठवडाभर कुरकुरलो. मग चिंध्यांचा डबा झाकणाचा आला, हातमोजे आले. हातांची शाई काढायला माझ्या बायकोनं मोहरीचं तेल आणि बेसन कालवून डबा भरून दिला. तो इतका चालला की आता दर सोमवारी दहाही माणसं मला विचारतात, वहिनींनी डबा दिला का?

पण सर्वांत मोठी गोष्ट खिडकीची. हवा बाहेर फेकणारा पंखा लावायला जागा हवी होती. मागच्या भिंतीशी जुन्या, न खपलेल्या कॅलेंडरांची थप्पी छतापर्यंत होती. ती हलवायला आम्हाला एक आख्खा दिवस लागला. मागे खिडकी निघाली. बिजागऱ्या गंजलेल्या. दोघांनी जोर लावला, ती उघडली, आणि दोन घरांच्या फटीतून गंगा दिसली. हातभर रुंदीची, पण गंगा. एक नाव त्या फटीतून गेली.

अठरा वर्षं मी तिथून वीस पावलांवर काम करत होतो. यंत्र बंद करून आम्ही सगळे त्या खिडकीशी आळीपाळीनं उभे राहिलो. मालकही खाली आले. उस्ताद म्हणाले, "पंखा वरच्या अर्ध्यात लावा. खालचा अर्धा बघायला ठेवा." तसाच लावला.

पुढच्या कार्तिकात भाचीनं पुन्हा नमुने घेतले. माझा आकडा चांगला खाली आला होता. उस्तादांचा आला होता, पण थोडासाच. ते यंत्रावर रागावले.

"तुझं यंत्र तपासून घे, बिटिया."

"उस्तादजी, एका नमुन्यावरून फार बोलता येत नाही, आकडा रोज वरखाली होतो. पण विड्या किती राहिल्यात?"

"दोन," उस्ताद म्हणाले. "एक सकाळची. एक संध्याकाळची. त्या मोजायच्या असतात का?"

तिच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा झाली तेव्हा आम्ही सगळे गेलो. तिनं बोलावलं होतं, कुणीही बसू शकतो म्हणाली. मालकांनी अर्धा दिवस प्रेस बंद ठेवली. अकरा माणसं इस्त्रीचे कपडे घालून शेवटच्या रांगेत. माझी बायको पुढे, पदर सावरून बसली होती, जणू तिचीच परीक्षा आहे. पडद्यावर आलेख येत होते, इंग्रजी चाललं होतं. मला निम्मं कळत होतं, उस्तादांना काही नाही, तरी प्रत्येक आलेखाला ते मान डोलवत होते.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एका आलेखावर बोट ठेवून हिंदीत विचारलं, "बदल केल्यावर बहुतेकांचे आकडे उतरले. काहींचे फारसे उतरले नाहीत. कारण?"

भाची उत्तर द्यायला लागली, तोच मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. उस्ताद उभे राहिले होते.

"साहेब, तिला विचारू नका. तिनं आमची नावं गुप्त ठेवायची शपथ घेतलीय. मी स्वतःच सांगतो. त्यातला एक मी आहे. दोन विड्या अजून सुटत नाहीत."

सगळा हॉल हसला. परीक्षकही हसले, मग गंभीर होऊन म्हणाले, "आधी किती होत्या?"

"बंडल. कधी सव्वा."

"मग दोन म्हणजे मोठंच काम झालंय. पण दोन म्हणजे शून्य नव्हे, बरं का."

"बिटिया हेच म्हणते," उस्ताद म्हणाले आणि समाधानानं बसले.

तिला पदवी मिळाली. त्या दुपारी सगळी प्रेस आमच्या घरी जेवायला. बायकोनं पहाटेपासून पुरण शिजवलं होतं. दोन खोल्यांत अकरा माणसं, मालक, भाची, तिच्या दोन मैत्रिणी. उस्तादांना पुरणपोळी माहीत नव्हती. पहिली त्यांनी भाजीबरोबर खाल्ली. दुसरी तुपाबरोबर. सातवीनंतर मी मोजणं सोडलं. लाजाळू सहकाऱ्यानं भाचीला सगळ्यांतर्फे एक पेन दिलं आणि भाषण करायला उभा राहून दोन वाक्यांत बसला. भाची रडली, बायको रडली, आणि नागपूरहून बहिणीचा फोन आला तेव्हा फोनवर तीही रडत होती.

भाची आता हैदराबादला नोकरी करते. रविवारी फोन करते आणि पहिला प्रश्न तोच. मी सांगतो, "शून्य." सतरा महिने झाले. माझं काय होईल ते मला माहीत नाही. इतक्या वर्षांचं नुकसान एका झटक्यात पुसलं जात नाही. सोडल्यावर धोका वर्षावर्षानं उतरत जातो, पण नाहीसा होत नाही, हे तिनं मला नीट समजावून सांगितलंय. वर्षातून एकदा मी डॉक्टरांकडे जातो. मधल्या काळात फार विचार करत नाही. जिना एका दमात चढतो.

गेल्या महिन्यात उस्तादांनी सकाळची विडी सोडली. प्रेसमध्ये पेढे वाटले. संध्याकाळची अजून आहे. पाच वाजले की ते खिशाकडे हात नेतात आणि मी यंत्र थांबवून त्यांच्याशी भांडायला जातो. रोज भांडतो आम्ही, अगदी जोरात, आणि दिवसातली ती पाच मिनिटं मला फार आवडतात.